मावशींचं ‘आलंच’

...हां, तर गाडी तिसऱ्या गावाच्या वेशीवर उभीच! मावशींच्या मुलाने पुन्हा दार उघडलं. “आई, हट्ट पुरे. बस आता.”

मावशींनी ढुंकूनही पाहिलं नाही. बसल्या असत्या तर सगळंच संपलं असतं. यात्रेच्या जुन्या वाटेवरचं त्यांचं मुक्कामघर बंद करून त्यांना शहरात न्यायचं मुलाने ठरवलं होतं. “वय झालं, झेपत नाही,” हे त्याचं पालुपद. शेवटी मावशी भडकल्या, “पुढच्या मुक्कामापर्यंत चालून दाखवते. वाटेत गाडीत बसले, तर किल्ली तुझी!”

आता गंमत ऐका. यात्रेकरूंचे पाय शेकण्यात उभा जन्म गेला, पण ही वाट मावशींनी स्वतः कधी तुडवलीच नव्हती. रोज सकाळी दारात उभं राहून मात्र बिनदिक्कत ठोकून द्यायच्या, “पुढचा मुक्काम ना? हे काय, टेकडी उतरलात की आलंच!”

आज टेकडी उतरल्या, तर पुढे दुसरी टेकडी दात काढून उभी. तिच्यापलीकडे नुसती खडी. टाचेला फोड, पोटऱ्यांचे दगड. विहिरीवर धुणं आपटणाऱ्या बाईला विचारलं, तर ती मान वर न करता म्हणाली, “हे काय, आलंच!”

मागून येणारा सुतार खो खो हसला. कालची रात्र त्याने मावशींकडेच काढली होती.

“काय मावशी, कसं काय लागतंय तुमचं ‘आलंच’?”

“मेल्या, खरं अंतर सांगितलं असतं, तर अंथरुणातून उठला असतास का?”

“छे! तिथूनच घरी परतलो असतो.”

“मग? चल मुकाट्याने.”

सुताराने आपली काठी पुढे केली, ती मात्र त्यांनी घेतली. काठी म्हणजे काही गाडी नव्हे! फोडाला चिंधी बांधली, पदर खोचला. शेवटच्या चढावर गाडी मागे रांगत होती आणि मावशी पुढे, एखाद्या वरातीच्या म्होरक्यासारख्या.

दिवेलागणीला त्या पुढच्या मुक्कामघराच्या ओट्यावर टेकल्या. तिथल्या रखवालदाराने इतरांसारखीच त्यांच्यापुढेही गरम पाण्याची बादली आणून ठेवली. त्यात पाय सोडून मावशी अशा ताठ बसल्या, की बघणाऱ्याला वाटावं, घर यांचंच.

मुलाने हात टेकले. “जिंकलीस बाई! मुक्कामघर तुझंच. पण आता परत कशी जाणार? चालतच?”

“पैज जाण्याची होती रे, परतीची नव्हती. गाडी काढ, मी पुढे बसते. आणि जरा जोरात हाण, उद्याच्या माणसांच्या चादरी अजून दोरीवरच आहेत!”