खोडीताईची चाळणी

ऑफिसात तिला सगळे खोडीताई म्हणत. लोकांच्या वेबसाइटच्या खोड्या काढायच्या, हाच तिचा धंदा, आणि तोही मालकांच्या लेखी परवानगीने. घातक शब्द अडवायला कुणी रेजेक्स, म्हणजे अक्षरांचा साचा, लावला असला, तर ही तोच शब्द तोडून-मोडून, मधे ठिपके घालून आत सारायची. साचा फसला की स्वारी खूश.

तिचे वडील, आप्पा, घड्याळं दुरुस्त करायचे. बुबुळं पांढुरकी झाली आणि हात रिकामे झाले. नेत्ररोपणासाठी नाव लावलेलं होतं. फोन मेसेज मोठ्याने वाचून दाखवायचा, तरी रोज सकाळी विचारायचे, "आला का गं निरोप?"

त्यातच एका भामट्याने त्यांना फोनवर जवळजवळ गंडवलं. खोडीताईचं डोकंच फिरलं. तिने आप्पांच्या फोनसाठी स्वतः साचा लिहिला. आधी 'तातडीने', पुढे कुठेही लिंक, मधे काहीही असो, मेसेज गुपचूप अडगळीत. वर दटावलं, "अनोळखी नंबर उचलायचा नाही, आप्पा. अजिबात नाही!"

ऑफिसात साठवलेले झाडून सगळे लबाड मेसेज तिने साच्यावर सोडले. एकही सुटला नाही. खरा मेसेज मात्र एकही घालून पाहिला नाही. चोर पकडण्यात उभा जन्म गेलेल्या बाईला पाहुण्याची आठवण कुठून यायची!

नवे नमुने मिळतील म्हणून तिने एकदा ती अडगळ उघडली. चोरांच्या रांगेत संन्यासीही लटकला होता. 'तातडीने या. डोळा उपलब्ध आहे. येत असल्याचं या लिंकवर कळवा.' मेसेज परवाचा होता.

तिने लगेच दवाखान्यात फोन लावला.

"आम्ही फोनही केले हो, बरेचदा," तिकडची बाई हळू आवाजात म्हणाली. "थांबता येत नाही ना. पुढच्या पेशंटला बसवला."

"मग आता कधी?"

"नाही सांगता येत."

भांडायला समोर कुणी नव्हतं. कुठल्याही कुलपाशी झटापट करणारी बाई फोन हातात धरून नुसती बसून राहिली.

आप्पांनी सगळं ऐकलं होतं. "त्या माणसाला दिसायला लागलं असेल ना?" त्यांनी विचारलं. मग हसले. "तुझी चाळणी मात्र झकास चालते हं, पोरी."

तिला रडूच कोसळलं.

साचा तिने त्याच दिवशी काढून टाकला. आता भामट्यांना रान मोकळं आहे. फोन वाजला की आप्पा चाचपडत धावतात, उचलतात आणि आधी विचारतात, "दवाखान्यातून का हो?"