अरुंधती दिसली का?

मला धीर म्हणून नाही. चहा उकळेपर्यंत मी तीनदा झाकण काढून बघते. नाशिकहून लासलगावकडच्या आमच्या शाळेत जाताना बसमध्ये दोनदा जागा बदलते. अशा बाईने तिसरीच्या पोरांना तारे दाखवायला जाऊ नये. पण दर उन्हाळ्यात एका शनिवारी, अंधार पडला की पटांगणात सतरंज्या टाकून ते काम मीच करते.

त्या शनिवारी सप्तर्षी छान वर आले होते. "पतंग दिसला? आता त्याची शेपटी बघा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून एक बारीक तारा आहे, ती अरुंधती." पोरांची आपली चुळबुळ चाललेली. कुणी चिमटे काढतंय, कुणी लोळतंय. "नाय दिसत, बाई!" माझी बस चुकायची वेळ आली होती. डोकंच फिरलं माझं. "नीट बघा रे! ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत मरतो म्हणतात!"

काय सांगू, एका दमात अख्ख्या वर्गाला अरुंधती दिसली. मी खूश होऊन बस गाठली.

मंगळवारी सकाळी वर्गातल्या एका मुलीचे वडील दारात उभे राहिले. माणूस ट्रॅक्टरवर कांदा घेऊन मार्केटला जाणारा, एरवी मान खाली घालून बोलणारा. आज तापलेले होते. "बाई, पोरीला काय सांगितलं तुम्ही? रविवारधरनं ट्रॅक्टरची चावी लपवून ठेवलीय तिनं. कालचा लिलाव हुकला माझा. मारलं तरी सांगत नाय."

मुलगी त्यांच्या मागेच होती. डोळे रडून सुजलेले. मी जवळ घेतलं तेव्हा हळूच म्हणाली, "पप्पांना नाय दिसली. रात्री गच्चीवर नेऊन लय वेळ दाखवली. तरी नाय दिसली. ते रस्त्यात मरतील."

"अगं, ते खोटं असतं," मी म्हणाले.

"मग तुम्ही का सांगितलं?"

कपाळ माझं! नजर कमी असेल, डोळे तपासून घ्या, असं मी वडिलांना सांगितलं. ते हो म्हणाले, पण पोर काही केल्या चावी देईना. मला माझीच इतकी लाज वाटली की फळ्यावरची बेरीजही चुकले.

घरी आल्यावर बसवेना. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून गच्चीवर. तिथे उगाच उत्तरेकडे बघत राहिले. शहराच्या उजेडात दिसत नाही, असं म्हणायची सोय होती. पण स्वतःला किती फसवणार? शाळेच्या पटांगणातल्या काळोखातही मला अरुंधती चार वर्षांत दिसलेली नाही. वसिष्ठ दिसतो, पुढचं मी पाठ म्हणते. लहानपणी घरात सगळ्यांत तीक्ष्ण नजर माझी, त्याचा केवढा तोरा होता मला! चष्म्याचा नंबर लागला तरी मी तो पर्समध्येच ठेवते. आणि माझ्या लग्नात गुरुजींनी भर दुपारी हॉलच्या पंख्याकडे बोट करून "अरुंधती दिसली का?" विचारलं, तेव्हाही मी "दिसली" म्हटलंच होतं.

बुधवारी संध्याकाळी मी पुन्हा पोरांना बोलावलं. त्या मुलीच्या वडिलांनाही. सतरंज्या टाकल्या.

"पोरांनो, मला अरुंधती दिसत नाही," मी म्हणाले. "चार वर्षं झाली. दिसते असं तुम्हाला खोटं सांगत होते. आणि मी अजून जिवंत आहे."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "मला पण नाय दिसली." मग दुसरा, मग तिसरी. ती मुलगी मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती.

"चार वर्षं म्हणजे आठदा सहा महिने," ती म्हणाली. "आठदा मेल्या असत्या तुम्ही, बाई!"

हसण्याचा असा गलका झाला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. मुलीने दप्तर उघडलं, कंपासपेटीतून चावी काढली आणि वडिलांच्या हातावर ठेवली. "पण आधी डोळे दाखवायचे," असंही बजावलं. ते नुसती मान हलवत राहिले.

मी सवयीने पुन्हा आकाशाकडे बोट केलं. मुलगी माझ्या शेजारी येऊन टाचा उंचावून उभी राहिली. माझं मनगट धरून तिने हात जरासा वर सरकवला.

"बाई, तुम्ही त्या दिवशी पण खालीच दाखवत होत्या. अरुंधती इथंय. दिसली का?"

चष्मा पर्समध्ये होता. पर्स वर्गात.

"नाही गं," मी म्हणाले. "थांब, चष्मा आणते."