काठाची फडकी

तुळसाबाईच्या पिशवीत जेवणाचा डबा खाली आणि फडकी वर, असं गेली एकोणीस वर्षं चाललंय. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांचा एक गाळा आहे, तिथं ती झाकणं पुसते. प्रेसमधून झाकण निघतं ते तेलानं माखलेलं. ते आधी लाकडाच्या भुशात घोळवायचं, मग फडक्यानं पुसायचं, तेव्हा कुठं त्यात तोंड दिसतं. फडकी ती घरूनच आणते, स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची. शेठ देतो त्या चिंध्या नुसत्या नायलॉनच्या, तेल पुसायचं सोडून पसरवतात. गाळ्यातली माणसं म्हणायची, "मावशी, इथलं प्रत्येक झाकण तुझी साडी नेसून बाजारात जातंय."

तिचा नवरा कोंडिराम याच गल्लीत प्रेसवर होता. पायानं पट्टी दाबायची जुनी मशीन. एक दिवस हात आत असताना पाय पडला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता तो मीरा रोडला एका सोसायटीच्या गेटवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं डाव्या हातानं लिहितो. त्याची त्यालाच वाचता येत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

म्हणून गाळ्यात नव्या प्रेस आल्या तेव्हा तुळसाबाईला कोण आनंद! या मशीनला दोन बटणं, दोन हातांना दोन. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे हात आत सापडायचं कामच नाही. तिनं सगळ्यांना पेढा वाटला. प्रेसवाला समाधान हसून म्हणाला, "काय मावशी, मशीनचं बारसं घातलं काय?"

समाधान तिच्या गावाकडचा, परभणीच्या बाजूचा. तिनंच त्याला इथं चिकटवला होता. खरं बारसं त्याच्या घरी झालं, मागच्या महिन्यात. लेक झाली. दिवसभर गुणाची आणि रात्रभर रडकी. समाधान कामावर यायचा तो डोळे तांबारलेले घेऊनच.

त्याच सुमाराला तो म्हणायला लागला, "मावशी, मला काठाचं फडकं दे. ते मजबूत असतं, फाटत नाय." बाकीचे प्रेसवालेही काठाचंच मागायला लागले. तुळसाबाई मनातून फुलली. म्हटलं, साडीची पारख पुरुषांना उशिरा का होईना आली.

सोमवारी ती झाकणं उचलायला समाधानच्या प्रेसजवळ गेली आणि जागीच थिजली. डाव्या बटणावर तिच्या पिवळ्या साडीचा काठ करकचून आवळलेला. बटण कायमचं दाबलेलं. आता उजवा हात एकटाच मशीन चालवत होता, आणि डावा पत्र्याच्या चकत्या आत सरकवत होता. ठोकळा यायचा, हात निघायचा. ठोकळा यायचा, हात निघायचा.

"समाधान, हे काय बांधून ठेवलंस रे?"

"काय नाय गं. एक हात मोकळा राहतो, काम पटापट होतं. गुरुवारी माल जायचाय ना."

"काकाचा हात बघितलास न्हवं तू?"

"ती जुनी मशीन होती मावशी. ही सेफ्टीवाली आहे."

"सेफ्टी तर तू माझ्या काठानं बांधून टाकलीस, बाबा!"

तो हसला. त्याला हसू येत होतं, हेच तिला सोसेना.

शेठला सांगावं, तर जितेंद्रशेठ त्याला उभ्या उभ्या घरी पाठवणार, आणि घरी महिन्याचं लेकरू. न सांगावं, तर... पुढचं तिच्याच्यानं मनातसुद्धा म्हणवेना. दोन दिवस तिनं कान त्या आवाजाला बांधून ठेवले. ठक, ठक, ठक. मध्ये जरा खंड पडला की ती मान वर करून बघायची. एकच झाकण तिनं चारदा पुसलं.

बुधवारी जेवणं झाली, पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं. तीनच्या सुमाराला तिनं मान वर केली तर समाधानची हनुवटी छातीला टेकलेली. डावा हात आत. उजवा बटणावर.

तुळसाबाई हाक मारायच्या भानगडीत पडली नाही. हाकेनं माणूस दचकतो. भिंतीजवळचा मेन स्विच तिनं दोन्ही हातांनी खाली ओढला.

सगळा गाळा गप्प झाला.

जितेंद्रशेठ माडीवरून धावत उतरला. "लाइट गई क्या?"

"न्हाई शेठ. मी घालवली."

"पागल हो गई क्या मावशी? उद्या माल जायचाय!"

तिनं बोट दाखवलं. आणि दाखवता दाखवता तिलाच दिसलं, चारही प्रेसच्या डाव्या बटणावर काठ होता. पिवळा, हिरवा, चॉकलेटी, जांभळा. सगळे तिनं नेसलेले, तिनंच फाडून दिलेले. पण स्विचवरचा हात तिनं काढला नाही.

"कोणी बांधला हा?" शेठ ओरडला. तुळसाबाईनंच तोंड उघडलं.

"ते इचारू नका. फडकी माझी हायती, काढायचं तर मला काढा. पण आधी ती सुटू द्या. अन् शेठ, महिनाभर माल एवढा भराभर कसा निघायलाय, ते एकदा तरी इचारलंत का तुम्ही?"

शेठनं बंद पंख्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "खोलो सब."

"आणिक एक," तुळसाबाई म्हणाली. "ज्याची झोप झाली न्हाई त्याला प्रेसवर बसवू नका. लेकरू जरा मोठं होईस्तवर ह्याला खोकी भरायला द्या."

समाधान खवळला. "मावशी, तुला कोणी सांगितलं गं? सगळ्यांसमोर लाज काढलीस माझी!"

गुरुवारी तो खोकी भरायला बसला. तिच्याशी बोलला नाही. तिनं चहा पुढं केला तर तोंड फिरवलं. तिनं तो चहा स्वतःच पिऊन टाकला. त्यालाही कळलं पाहिजे, चहा काही वाट बघत नाही.

तीन वाजले. खोक्याला चिकटपट्टी लावता लावता समाधानची मान कलली, आणि तो तसाच खोक्यावर डोकं टेकून झोपला. पट्टीचा रोल हातातून सुटून घरंगळत गेला, तरी त्याला पत्ता नाही.

तुळसाबाईनं घड्याळाकडे पाहिलं. काल याच वेळेला त्याचा हात प्रेसच्या आत होता. मग ती उठली, भुशाची दोन पोती ओढत आणून माडीच्या जिन्याच्या बाजूनं आडवी लावली, आणि शेठला तो दिसणार नाही अशा बेतानं पोत्यांसमोर झाकणं पुसत बसली.