भाऊबीजेची टोपी

"मन मागीर बघूया, आधी वस्तू दाखय!" असं म्हणत आमची ताई एक हात पुढे पसरायची आणि दुसऱ्या हाताने चष्मा कपाळावर सरकवायची. गोव्यात तुये गावातल्या आमच्या कंपनीत, पॅकिंग खात्यात, कुणाच्या लग्नाची किंवा बारशाची भेट ताईच्या हातून पास झाल्याशिवाय पुढे जात नसे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेलच.

एकीने नव्या घरासाठी घड्याळ आणलं. ताईने विचारलं, "तिच्या घराक भिंती किती, आणि घड्याळां किती आसत, बघून इलंस?" कोल्हापूरकडच्या एका पोरीने मैत्रिणीच्या बाळासाठी लोकरीचं टोपडं विणलं, तेही ऐन मे महिन्यात. "पोराक उकडून काढतलंस काय गो?" पोरगी हिरमुसली. म्हणाली, "ताई, प्रेमानं विणलंय हो." "प्रेम आसा गो बाय, पण घाम त्या पोराक येतलो!"

ती स्वतः सरळ विचारायची, "तुका काय होया?" आणि तेच आणायची. मी वेगळी चूल मांडली तेव्हा तिने मला विचारून पाच लिटरचा कुकर दिला. अजून त्यातच भात लावते.

इब्रामपूरला आमची घरं शेजारी-शेजारी. तिला एकच भाऊ, धाकटा. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला मोठं केलं. तो मोरजीला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात कामाला. दर भाऊबीजेला काहीतरी भलतंच घेऊन यायचा. कधी वासाची मेणबत्ती, कधी पाहुण्यांनी मागे ठेवलेली योगाची चटई. "ह्या माका कित्याक रे?" ती विचारायची. "आसू दी गे ताई," म्हणून तो हसायचा, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या स्वयंपाकघरात गप्पा मारत बसायचा.

त्या वर्षी मी फराळाचं ताट द्यायला गेले, तेव्हा ओवाळणं नुकतंच झालं होतं. ताईच्या जावा, पोरंटोरं सगळी जमलेली. भावाने पिशवीतून गवताची मोठी टोपी काढली. रुंद काठाची, एका बाजूला कापडी फूल. समुद्रावर गोऱ्या बायका घालतात तसली.

"त्या दिसा बसमधून बघलंय तुका," तो म्हणाला. "फाट्यावरसून कंपनीत चलत जाय होतंस. काय ता ऊन!"

ताईने टोपी डोक्यावर ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. "ह्या घालून पॅकिंगात बसू? माका मॅडम म्हणतले!" सगळे खो खो हसले. हसू मिळालं तशी तिला चेव आला. "कोणा गोऱ्या बायेन रेतीत टाकलेली, ती उचललंस आणि भयणीक हाडलंस?"

"नवी आसा गे," तो म्हणाला. त्या गलक्यात तिला ते ऐकू गेलं नाही. मी त्याच्या बाजूलाच उभी होते, आणि हसत होते. त्याने तिच्या डोक्यावरून टोपी उचलली, फूल नीट केलं, टोपी पिशवीत घातली. समोरचे फोव, म्हणजे दिवाळीचे पोहे, खाल्ले आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बसमध्ये मी तिला सांगितलं. "नवी होती?" तिने दोनदा विचारलं. मग तुये येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "मेल्याहून मेल्यासारखा झाला गो माका." जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला, "ती टोपी हाडून दी रे. घालतंय मी." तो म्हणाला, "दुसऱ्याक दिली ताई. जाऊ दी."

पुढच्या भाऊबीजेआधी त्यानेच फोन केला, "काय हाडू?" सवयीने ती बोलून गेली, "मिक्सर." त्याने मिक्सर आणला. चांगला, नावाजलेल्या कंपनीचा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून. ओवाळून घेतलं, चहा प्याला आणि ड्यूटी आहे म्हणून उठला. "बेस आसा मिक्सर," ती आम्हाला सांगू लागली, "तीन भांडी आसत..." आणि वाक्य अर्धंच टाकून खोकं पुढे ओढू लागली.

तेव्हापासून तिने भेटी तपासणं सोडलं. पोरी हौसेने वस्तू पुढे करायच्या. ती खालमानेने खोक्यांना पट्ट्या चिकटवत म्हणायची, "बरी आसा, दी." एकदा दोघींचा वाद लागला, भेटीत मन बघायचं की वस्तू. निवाड्याला ताईकडे आल्या. "माका नका विचारू गो," ती म्हणाली. "माका आता तोंड उघडूची लाज वाटता."

निवृत्त झाल्यावर ती मुलाकडे डिचोलीला गेली. शेजारचं घर बंद असतं. गेल्या दिवाळीआधी ती मला डिचोलीच्या बाजारात दिसली. दोन शब्द बोलतोय तोच तिचा फोन वाजला. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेला.

"ताई, भाऊबीजेक काय हाडू?"

"तुका दिसात ता हाड रे."

"नको. तू सांग."

ती आजूबाजूच्या दुकानांकडे बघू लागली. साधी एक वस्तू सुचेना. "चादर हाड," शेवटी म्हणाली.

"रंग खयचो?"

"खयचोय चलतलो बाबा. तुझ्या मनाक येतलो तो."

"तसा नको, ताई. सांग. मागीर तुका आवडलो नाय तर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता हो. अगदी मनापासून विचारत होता. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि चटकन पाठ फिरवली.

"निळो," भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली.