हजेरीतलं नाव

"बॅग परत भर."

"भरलेलीच होती. मीच उपसली."

"संजू, साडेतीनला फॉर्म बंद होतोय. 'येणार' म्हण आन् मोकळी हो."

"नाही म्हणणार."

"का?"

"जायचं नाही म्हणून."

"हे कारण नाय झालं. बालवाडीतलं पोरगंसुद्धा शाळा चुकवताना पोट दुखतंय म्हणतं."

"मग माझं पोट दुखतंय."

"बघ साधना, बघ! हंगेरीत जाऊन हे शिकून आली."

साधना स्वयंपाकघरातून बाहेर आली ती नवऱ्याचा डबा हातात घेऊनच. "दोघंही हळू बोला. भिंतीपलीकडे हिच्या रविवारच्या सत्काराचं ठरवतायत लोक. त्यांना काय सांगू, पोरीचं पोट दुखतंय?"

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. पलंगावर उघडी बॅग आणि तिच्यातून बाहेर आलेलं सगळं: स्वेटर, औषधांची पिशवी, काळ्या मसाल्याचे दोन पुडे. खुर्चीत वाल्मीक पगारे, दुसऱ्या पाळीच्या गणवेशात. जमिनीवर लॅपटॉपसमोर त्याची एकुलती एक मुलगी संजना, वय वीस. लॅपटॉपवर विद्यापीठाचा एक प्रश्न आणि दोन गोल: दुसऱ्या वर्षाला येणार, येणार नाही. दोन्ही गोल रिकामे. विमान रविवारनंतरच्या गुरुवारी.

संजना बोलण्यात कधी अडली नव्हती. शाळेत चित्र काढताना ती डोंगरांच्या जागी वीजकेंद्राच्या चिमण्या काढायची. बाई म्हणाल्या, सूर्य डोंगरामागून उगवतो. ही म्हणाली, "तुमचा उगवत असेल. आमचा चिमणीमागूनच येतो." चौदाव्या वर्षी, चौदा एप्रिलला, विहारासमोरच्या स्टेजवर तिने भाषण केलं होतं. "आडनाव विचारून पंगत ठरवणाऱ्यांनो," अशी सुरुवात. आणि शेवटी, "लाज वाटायचीच असेल तर ती विचारणाऱ्याला वाटू दे, सांगणाऱ्याला नाही!" वाल्मीकने ते मोबाइलवर घेतलंय. त्यात अर्धा वेळ पुढच्या माणसाचं टक्कलच दिसतं, पण पाळीवर नवीन कुणी आलं की ते दाखवल्याशिवाय वाल्मीक त्याला चहा पाजत नाही.

वाल्मीक हे त्याचं घरचं नाव नव्हेच. नांदगावकडच्या खेड्यात त्याची आई सरुबाई त्याला बाळू म्हणायची. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा मास्तर म्हणाले, "वर्गात तीन बाळू आहेत, बाई. चौथा कुठं बसवू?" आणि त्यांनीच वाल्मीक लिहून टाकलं. घरात बाळू, हजेरीत वाल्मीक. मास्तरांनी हाक मारली की तो उभा राहायचा तेव्हा त्याला आपण जरा उंच झाल्यासारखं वाटायचं. दहावीनंतर आयटीआय, तिथून थेट वीजकेंद्र. इंजिनिअरिंगच्या वर्गात ती हाक ऐकायची राहून गेली.

ती हौस संजनामुळे पुरी झाली, तीही चुकून. पासपोर्टचा अर्ज नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका सायबर कॅफेत भरला होता. भरणाऱ्याने समोर बारावीची मार्कशीट ठेवली. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं: पगारे संजना वाल्मीक. त्याने ते तसंच उतरवलं आणि शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात टाकला. पासपोर्ट आला तेव्हा संजना म्हणाली, "पप्पा, हे चुकलंय."

वाल्मीकने पासपोर्ट खिडकीच्या उजेडात धरला. "राहू दे. प्रवेशाची तारीख जवळ आलीय. बापाचंच नाव हाय, परक्याचं थोडंच?"

पुढे तीन दिवस तो पासपोर्ट त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

तिकडे अडीचशे विद्यार्थी, पस्तीस देशांचे, आणि एकच जुनी इमारत. शिकवणं इंग्रजीत, पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की इंग्रजी संपली. गावात एक मुख्य रस्ता, रविवारी दुकानं बंद. सकाळी ज्याचं तोंड बघू नये असं वाटावं, दुपारी ग्रंथालयात नेमकी त्याच्याच शेजारची खुर्ची मोकळी. पहिल्या तासाला प्राध्यापिकाबाईंनी यादी वाचली. "वाल्मीक?" संजना म्हणणार होती, ते नाशिकला आहेत, सेकंड शिफ्टला. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने हात वर केला. फोनवर हे सांगितलं तेव्हा वाल्मीकने फोन स्पीकरवर टाकला. मग म्हणाला, "परत म्हण. कशी म्हणाली ती?"

"पोट दुखतंय म्हणे," तो आता म्हणत होता. "वर्गात दुसरी आलीस तेव्हा नव्हतं दुखत?"

"दुसरी वाल्मीक आली. मी नाही."

"म्हंजे?"

"तिथं मला संजना कुणी म्हणतच नाही, पप्पा. दारावर वाल्मीक, हजेरीत वाल्मीक, कँटीनमध्ये वाल्मीक."

"मग? माझं नाव जड झालं काय तुला?"

"हो."

"संजना!" साधनाने डबा टेबलावर आपटला. पण रागवायला शब्द सापडेना, म्हणून तिने पलंगावरचा एक पुडा उचलला. "आणि हे काय? हा गेल्या वर्षीचा मसाला. जेमतेम दोन चमचे काढलाय यातला. वर्षभर खाल्लंस काय मग?"

"ब्रेड."

"ब्रेड? अगं, पहिल्या आठवड्यात तर फोटो पाठवलास. पिठलं केलंय, सगळ्यांना आवडलं."

"पहिल्या आठवड्यात आवडलं." संजनाने लॅपटॉप बाजूला सरकवला. "मजल्यावर एकच किचन असतं, मम्मी. आम्ही पाच भारतीय, मिळून स्वयंपाक करायचो. दुसऱ्या आठवड्यात दारांवर नावाच्या पाट्या लागल्या. त्या चौघांतलीच एक, दिल्लीकडची. माझी पाटी वाचली आणि म्हणाली," इथे संजनाने मान तिरकी केली, आवाज साखरेत घोळवला, "'अच्छा, तुम वाल्मीकि हो?' मी म्हटलं, वाल्मीक, पापा का नाम है. तर म्हणते, 'हाँ हाँ, पापा का ही तो होता है.'"

साधनाला हसू आलं. कुणाचीही हुबेहूब नक्कल ही पोरगी लहानपणापासून करायची. पण संजना हसत नव्हती.

"मम्मी, तिकडे उत्तरेत ते आडनाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात झाडू दिला, त्या लोकांचं."

वाल्मीक खुर्चीत पुढे सरकला. "मग? काय म्हणाले ते?"

"काहीच नाही. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, हेच तर. ग्रुपवर मेसेज आला, अभ्यास खूप आहे, आपापलं बनवूया. दुसऱ्या दिवशी चौघं वरच्या मजल्यावर राजमा करत होते. मला वासावरून कळलं."

"आन् तू गप बसलीस? तू?" वाल्मीकचा आवाज चढला. भिंतीपलीकडची कुजबुज थांबली. "स्टेजवर काय बोलली होतीस? मी अख्ख्या पाळीला ऐकवतो ते. ठणकावून सांगायचं होतंस!"

"काय सांगायचं होतं?"

"सांगायचं... की..."

"मी सांगितलं ना, पप्पा. ऐकायचंय? पाटीसमोर उभी राहून तिने पुन्हा विचारलं, 'तो हो ना?' आणि मी म्हणाले, 'नहीं, नहीं. मैं वो नहीं हूँ.' दोनदा नहीं. इतक्या घाईने, जसं अंगावरचं झुरळ झटकावं."

साधनाने हातातला पुडा पलंगावर ठेवला. मग साधना हळूच म्हणाली, "अगं, मग खोटं कुठं बोललीस? आपण नाहीच ना ते."

"खरंच बोलले. पण खरं म्हणून नाही बोलले, मम्मी. घाबरून बोलले. आणि त्यांनी तेही खरं धरलं नाही. त्यांना वाटलं, लपवतेय. मग रोज वर्गात बाई हाक मारणार, वाल्मीक, वॉट डू यू थिंक? आणि ते चौघं मागे बसून ऐकणार. मी हात वर करणार. दर वेळी मला तीच दिसते, पाटीसमोरची मी, नहीं नहीं करणारी."

"पासपोर्ट दुरुस्त करून घेऊ," वाल्मीक म्हणाला. तो एकदम कामाच्या माणसासारखा बोलायला लागला. "पगारे लावू. युनिव्हर्सिटीला मेल टाकू. महिनाभर लागंल, जास्त नाय."

"आणि पाटी बदलायची?"

"बदलायची."

"म्हणजे पुन्हा तेच सांगायचं ना सगळ्यांना? बघा हो, मी ती नाही."

वाल्मीकने पलंगावरचा स्वेटर उचलून बॅगेत टाकला.

"पगारे म्हणजे कोण, हे शोधायला त्यांना दोन मिनिटं लागतील," संजना म्हणाली. "मग राजमा पुन्हा वरच्याच मजल्यावर. आणि नाव तसंच ठेवलं तर वर्षभर मी रोज त्याला नहीं म्हणत बसणार, मनात का होईना. आणि इथं तरी काय, रविवारी विहारासमोर शाल घेऊन त्याच स्टेजवर उभं राहायचं. दोन शब्द बोल म्हणतील, बोलू काय?"

"नको ना बोलू," साधना म्हणाली. "मी सांगते त्यांना, घसा बसलाय."

"आधी पोट, आता घसा."

अडीच वाजले. खाली ड्यूटीच्या गाडीचा हॉर्न वाजला. वाल्मीक उठला, दारात बसला आणि जाड बूट ओढून घेऊ लागला. संजना लॅपटॉप घेऊन त्याच्यामागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर दोन गोल.

"पप्पा, तुम्ही म्हणाल ते करते. फक्त एक सांगा. तिने विचारलं तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? हो म्हटलं असतं तर खोटं. नाही म्हटलं, तर हे असं. नाव तुमचं आहे. तुम्हीच सांगा. सांगितलंत तर आत्ता 'येणार' दाबते, बॅग भरते, जाते."

वाल्मीकने लेस बांधली. सोडली. पुन्हा बांधली. मग उठून खिळ्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं. पुढच्या बाजूला त्यानेच ऑइलपेंटने नाव लिहिलं होतं, 'वा' जरा मोठा झाला होता आणि 'क' दाटीवाटीने बसला होता. रोज तो हेल्मेट डोक्यावर चढवूनच जिना उतरायचा. आज त्याने ते काखेत धरलं, नाव आतल्या बाजूला.

"पप्पा?"

"ओ वाल्मीकदादा, गाडी निघाली!" खालून कुणीतरी ओरडलं.

"अहो, डबा राहिला," साधना म्हणाली.

जिन्यावर त्याचे बूट वाजत खाली गेले.