गोजरबाईची वाळलेली चार झाडं

गोजरबाईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, तिला त्याचा कंटाळा होता. खोटं बोललं की ते ध्यानात ठेवावं लागतं, एवढं कोण ध्यानात ठेवणार, असं तिचं म्हणणं. घोडेगावच्या बाजारात तिनं गाय विकायला नेली. दर ठरला आणि ही म्हणाली, "मागून जाऊ नगा, लाथ मारती." गिऱ्हाईक पुढूनच निघून गेलं. लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा "पोहे मी केल्यात, पोरीनं न्हाई," हेही तिनंच सांगितलं. तरी पोरीचं लग्न झालं, हे पोरीचं नशीब.

अशा बाईच्या नावानं सरकारी योजनेचा अर्ज करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण सातबारा तिच्या नावावर, म्हणून तिच्या लेकाला, बिभीषणला, इलाज नव्हता. बांधावर वीस जांभळी लावायच्या, म्हणजे माती वाहून जात नाही. त्यातल्या सोळा जगल्या तर दरवर्षी अनुदानाचा हप्ता मिळणार. सोनईकडच्या त्या कोरड्या रानात गोजरबाईनं धुण्याभांड्याचं पाणी घागरीनं वाहिलं. तरी तिसऱ्या उन्हाळ्यानं चार झाडं नेलीच. आता गुडघे घागर पेलत नव्हते. हप्ता आला तर बांधापर्यंत पाइप टाकता येणार होता, नाहीतर उरलेल्या सोळांचंही काही खरं नव्हतं.

वाळलेल्या झाडावर गावाकडे जालीम औषध होतं. तपासणीच्या दिवशी सकाळी हिरवी फांदी तोडायची, खड्ड्यात खोचायची आणि बादलीभर पाणी ओतायचं. फोटोत ती झाडापेक्षा बरी दिसते. बिभीषणही चार फांद्या घेऊन आला.

"आये, खोचतो. समदेच खोचत्यात."

"सोळा पुरत्यात की."

"जरा शोभा येईल."

"मेल्याला कसली शोभा?" ती म्हणाली आणि फांद्या तिनं शेळ्यांपुढे टाकल्या.

कृषी सहायक स्नेहल मॅडम आल्या, फोटो काढले, सोळा जिवंत आणि चार मृत असं लिहून गेल्या. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. हप्ता अडकला होता. गावातल्या सव्वीस शेतकऱ्यांची झाडं शंभर टक्के जिवंत, एकट्या गोजरबाईचीच मेलेली. तालुक्याच्या साहेबांना वाटलं, गडबड असणार ती इथंच. त्यांनी फेरतपासणी लावली.

"खरं बोलून चोर ठरलीस बघ," बिभीषण म्हणाला. त्या दिवशी गोजरबाईला पहिल्यांदा भीती वाटली. चारांपायी सोळाही जातात की काय, या विचारानं तिला जेवण गेलं नाही.

साहेब स्नेहल मॅडमना घेऊन आले. त्यांनी एकेक जांभळी हलवून पाहिली, पानं खुडून पाहिली. मग वाळलेल्या खुंटापाशी थांबून म्हणाले, "आजी, अख्ख्या गावाची झाडं जगली. तुमचीच कशी मेली?"

बिभीषण मागून दोनदा खाकरला. त्याचा उपयोग झाला नाही.

"सायेब, माज्या झाडाला मुळं हुती. मुळं असलेलं झाड मरतं. बिनमुळाचं कशाला मरंल?"

स्नेहल मॅडम चपलेवरची माती बघू लागल्या. साहेबांनी शेजारच्या छगनच्या बांधाकडे नजर टाकली. तिथं मागच्या तपासणीला खोचलेल्या फांद्या वाळून वाऱ्यानं आडव्या झाल्या होत्या. गोजरबाईच्या कागदावर त्यांनी सही केली आणि मोर्चा छगनच्या बांधाकडे वळवला.

दिवस मावळताना छगन तणतणत भांडायला आला. गोजरबाई वाळलेल्या खुंटाशेजारी बसून पदरानं डोळे पुसत होती. तो जागीच थबकला.

"काय झालं काकी? तुमचा बी हप्ता बुडाला का?"

"न्हाई रं, मिळनार हाय."

"मग रडता कशापायी?"

"माजी चार झाडं गेली की."

छगन भांडण विसरला आणि तिच्याशेजारी बांधावर टेकला.