दौलतभाऊ आणि मतलई वारा

कुठल्याही नव्या पाण्यात उतरण्याआधी दौलतभाऊ त्याची एक चूळ भरत. तलाव असो, नदी असो की कालवा, काठावर उकिडवं बसायचं, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, गालात खळखळवायचं आणि थुंकून निकाल द्यायचा, "गाळ लय हाये सर, आज मासा वरतं येत नाई." मूल गावातल्या कॉलेजात ते प्रयोगशाळेत परिचर होते आणि मी प्राणिशास्त्र शिकवत होतो. माशांबद्दल मला ठाऊक होतं ते सगळं पुस्तकातलं. पोहणं तर मला पुस्तकातलंही येत नव्हतं.

त्यांचं घर ढिवरांचं, पिढीजात मासेमारांचं, तलावाला लागून. मच्छीमार सोसायटीची जाळी पडायच्या दिवशी पहिला डोंगा त्यांचा सुटायचा. एका खोडातून कोरलेली ती अरुंद होडी ते उभ्याने, बांबूच्या जोरावर हाकत. एकदा हौसेने मी त्यात बसलो आणि नेमका वारा सुटला. मी कडा धरून बसलेलो, तर हे महाशय बांबू आडवा ठेवून निवांत तंबाखू मळू लागले. "वाऱ्यासंगं भांडाचं नाई सर. तो नेईल तिकडं जाचं, पल्याडच्या पारीवर उतराचं अन् पारीपारीनं पायी घरी याचं." खरोखरच अर्ध्या तासात आम्ही तलावाच्या पल्याडच्या बांधावर उतरलो आणि चालत घरी येऊन चहा प्यालो.

म्हणूनच कॉलेजातल्या मंडळींनी हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर दोन दिवसांची साहसी सहल ठरवली, तेव्हा एक जागा रिकामी होताच मी त्यांचं नाव घातलं. त्यांना समुद्र दाखवावा असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला पाण्याची भीती वाटते आणि मला माझा माणूस सोबत हवा होता.

समुद्राचीही त्यांनी चूळ भरली. तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, "हे पानी हाये का लोनच्याचा खार?" सगळे पोट धरून हसले. पहिल्या दिवशी कड्यावरून उडी मारायची होती. बावन्न वर्षांच्या दौलतभाऊंनी जाकीट घालून अशी सरळ उडी घेतली, की शिकवणाऱ्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली आणि माझे पाय जागचे हलेनात. मागे रांग, खाली फेस, बायको-मुलींनी घातलेल्या शपथा आठवतायत आणि मी खांबासारखा उभा. ओल्या अंगाने ते पुन्हा वर चढून आले, माझं मनगट धरलं आणि पायवाटेने मला खाली घेऊन गेले. "भेव लागनं काई गुन्हा हाये का सर?" असं ते मोठ्याने म्हणाले, हसणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कयाक. दोघांनी बसायची प्लास्टिकची अरुंद नाव. पुढे मी, मागे दौलतभाऊ. खडकाला वळसा घालून परत फिरायचं होतं. खडकाजवळ पोचेतो माझे खांदे भरून आले. मी वल्हं मांडीवर ठेवलं आणि म्हणालो, "जरा थांबू या." वारा पाठीमागून, जमिनीकडून येत होता. मागून त्यांचा शांत आवाज आला, "थांबा न. वाऱ्यासंगं जाऊ द्या. तिकडं उतरू." आणि त्यांनीही वल्हं आडवं ठेवलं. मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, हे शाळेच्या भूगोलात घोकून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सर, याची पल्याडची पार दिसून नाई राह्यली." मी मागे वळून पाहिलं. किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी झाली होती. मग आम्ही जीव खाऊन वल्हवलं, पण नाव तसूभर पुढे सरकेना. तेव्हा दौलतभाऊ पाण्यात उतरले, पुढची दोरी खांद्यावर घेतली आणि पोहू लागले. तालुक्यात त्यांच्यासारखा पोहणारा नव्हता. ते हात मारत होते, मारतच होते, आणि किनारा होता तिथेच होता. त्यांचे ओठ निळे पडले. मी वर बसून "बस करा" म्हणण्यापलीकडे काहीही करू शकत नव्हतो. शेवटी मी लहान पोरासारखा रडलो. तेव्हा ते थांबले आणि नावेला धरून लोंबकळत राहिले. तसेच आम्ही वाहत गेलो, मोटरबोट येईपर्यंत.

किनाऱ्यावर शिकवणाऱ्यांचा म्होरक्या भडकला होता. "शिट्टी ऐकू आली नाही? वल्हवायचं कोणी थांबवलं?" सगळा स्टाफ भोवती उभा. मी तोंड उघडणार, एवढ्यात दौलतभाऊ ओकून तोंड पुसत म्हणाले, "मी." मग तो त्यांना वाटेल ते बोलला. मी उघडलेलं तोंड मिटलं. याची मला आजही लाज वाटते.

गोष्ट आमच्याआधी मूलला पोचली. दौलतभाऊंनी सरांना बुडवलंच होतं, असं लोक बोलू लागले. "भाऊ, आफ्रिकेले जाऊन आले का?" असं पानठेल्यावर कोणीही विचारायचं. पुढच्या हंगामात सोसायटीने पहिला डोंगा दुसऱ्याला दिला. ते पारीवर बसून पाहत राहिले आणि पुढे तलावात उतरेनासेच झाले. मी विचारलं तर म्हणाले, "हातावरचा इस्वास गेला सर." स्टाफरूममध्ये किती वेळा खरं सांगायचं ठरवून गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

यंदा ते निवृत्त झाले आणि पोंभुर्ण्याला मुलीकडे राहायला निघाले. सोडायला मी बसस्टँडवर गेलो. बस लागली, त्यांनी पिशवी उचलली, तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "दौलतभाऊ, त्या दिवशी वल्हं आधी मी ठेवलं होतं."

"मालूम हाये न सर," ते म्हणाले. "मी मागंच तं बसलो होतो."

आणि ते बसमध्ये चढले. माफी मागायची राहूनच गेली.